धोंडबांच्या बागेतले निरोगी उंदीर

विज्ञानाची वाटचाल कोणीही रोखू शकत नाही, असे जितेंद्र गावंडेचे ठाम मत होते. नरखेड तालुक्यातल्या सिंधूताईंशी तोवर त्याची गाठ पडलेली नव्हती.

जितेंद्र नागपुरात रानउंदरांच्या पोटातल्या जंतांवर संशोधन करी. मुलगी पाहायला गेल्यावर त्याने हे सांगितले, की समोरची मंडळी हातातला पोह्यांचा चमचा बशीत परत ठेवत. त्यातून फेलोशिप संपत आलेली. मुदतवाढ हवी तर जंत हवेत, आणि तेही लवकर! म्हणून त्याने सिंधूताईंचे यजमान धोंडबा यांची संत्र्याची बाग निवडली. तिथल्या उंदरांनी ठिबकच्या नळ्यांच्या बासऱ्या करून टाकल्या होत्या.

रानातला उंदीर भारी संशयी. आठवडाभर पिंजरे उघडे ठेवायचे, रोज आत खाऊ ठेवायचा, आणि पाहुण्याची भीड चेपली की मग दार लागू द्यायचे, अशी या कामातली रीत. खाऊचे गोळे मळायचे काम सिंधूताईंकडे आले. त्याचे गांभीर्य कळावे म्हणून जितेंद्रने त्यांना मोबाइलवर जंतांचे फोटो दाखवले.

"अवं माय! एवढ्याशा पोटात एवढे?"

"याहून जास्तही असतात, काकू," जितेंद्र अभिमानाने म्हणाला.

"मंग तुम्ही काय करता त्याइचं?"

"मोजतो."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला.

आठवड्याने उंदीर सापडले. त्यांच्या लेंड्या डबीत घालून जितेंद्र नागपूरला आला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि गार पडला. जंताचे एक अंडे नाही! लेंड्या अशा निर्मळ, की हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटाव्यात.

"संपलं, मॅडम," तो मार्गदर्शक कामिनी मॅडमना म्हणाला. "त्या बागेत जंतच नाहीत."

मॅडम खुर्चीतून उठल्या. "अरे, मग हाच तर शोध! काय खातात ते उंदीर?"

"संत्री. खाली पडलेली. सालीसकट."

"साल!" मॅडमनी लगेच कोरा कागद पुढे ओढला.

संत्र्याच्या सालीतल्या जंतनाशक गुणांवर प्रस्ताव गेला आणि मुदतवाढ मंजूर झाली. वर्तमानपत्रात जितेंद्रचा उंदरासह फोटो आला. त्यात उंदीर जास्त तरतरीत दिसत होता. गावातल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ सालीचा काढा सुरू झाला. धोंडबांचा तर शाल-श्रीफळ देऊन सत्कारच झाला!

जितेंद्र पेढे घेऊन बागेत पोचला.

"काकू, तुमच्या संत्र्याच्या सालीनं माझं करिअर वाचवलं!"

"कायची साल?" सिंधूताई म्हणाल्या. "शेळ्याइचं जंताचं औषध होतं ना घरी! रोज गोळ्यात मळलं म्या. मुकं जनावर ते, कोणाले सांगन? तुम्ही तं नुसते मोजून राहिले होते!"

धोंडबांचा पेढा तोंडाशीच थांबला. "काहून वं? माह्या नळ्या कुरतडून राहिले ते, अन् तू त्याइचा दवाखाना उघडला?"

"तुमालेबी पाजतो! बसा गुमान!"

जितेंद्र मटकन बाजेवर बसला. "आता... आता देता का त्यांना?"

"नाही बाप्पा, बाटली सरली. आणू का दुसरी?"

"नको!" जितेंद्र इतक्या जोरात ओरडला, की गोठ्यातल्या शेळ्या उभ्या राहिल्या.

त्याने तिथूनच मॅडमना फोन लावून सगळे सांगितले.

"पुन्हा पिंजरे लाव," मॅडम म्हणाल्या. "आणि गोळे तू स्वतः मळ."

जितेंद्रने गोळे स्वतः मळले. सिंधूताई उंबऱ्यात उभ्या राहून त्याच्याकडे खाटकाकडे पाहावे तसे पाहत होत्या.

या खेपेला जंत सापडले. भरपूर, नाना जातींचे, एखाद्याची अख्खी कारकीर्द उभी राहील इतके.

मुदतवाढ जंत नसलेल्या उंदरांसाठी मंजूर झाली होती.