गोविंदमामांचा चष्म्याचा दावा

गोविंदमामा दोन गवाह बरोबर घेतल्याशिवाय वांगीसुद्धा विकत घेत नसत. गवाह म्हणजे साक्षीदार. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरी सगळी उर्दूत, त्यामुळं आमच्या औरंगाबादेत साक्षीदाराला साक्षीदार म्हणायची सोयच नव्हती. त्या दोन गवाहांपैकी एक मी, शेजारी म्हणून जन्मठेप भोगणारा शाळामास्तर. दुसरे पलीकडच्या घरातले रहीमचाचा, हिमरूच्या शाली विणणारे.

“किडकं निघालं तर परत घेशील? या दोघांसमोर बोल!” मामा भाजीवालीला दरडावायचे.

“घेते की! पर वांगं हाय मामा, वावर नाय,” ती कपाळाला हात लावून म्हणायची.

मामांची नोकरी करोडगिरीच्या नाक्यावर झालेली. आल्यागेल्याच्या मालावर जकात घ्यायची आणि गाठोडी सोडून बघायची. त्यामुळं पेन्शनीत निघाले तरी समोरचा माणूस त्यांना गाठोड्यासारखाच दिसायचा. जगात त्यांचा विश्वास एकाच माणसावर, आणि ती म्हणजे राधामामी.

मामींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पण ‘आंधळी’ हा शब्द त्यांना खपायचा नाही. सगळा स्वयंपाक हातानं चाचपून करायच्या आणि वर म्हणायच्या, “दिसतंय की मला. लई झकास दिसतंय.” मला तर दर आठवड्याला सांगायच्या, “मास्तर, वाळलात हो!” इकडं माझ्या कोटाची बटणं लागेनाशी झाली होती. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाची बोलायची टाप नव्हती. मामांनी फाडून खाल्लं असतं.

अशात गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात चष्मे आले. मामा मामींना घेऊन निघाले. अर्थात मागं आम्ही दोघं. दुकानदारानं आमच्या देखत सांगितलं, “घरी नेऊन बघा. नाही दिसलं तर चष्मा परत, रुपये परत. जबान देतो.”

घरी आल्यावर दोन दिवसांनी मामी हळूच मामांना म्हणाल्या, “अहो, नाय हो दिसत.” हे त्या फक्त मामांनाच सांगू शकत होत्या.

मामा तडक दुकानात. तर दुकानदार म्हणतो, “मी म्हणालो? कधी? वापरलेला माल आम्ही घेत नाही.”

झालं! त्या दिवसापासून आमच्या सुट्ट्यांचं वाटोळं झालं.

“जबान म्हंजे काय पायजमा हाय का, वाटंल तवा बदलायला?” मामा गरजले. “मास्तर, कायद्याला चार दरवाजे असतात. आधी गोडी, मग पंच, मग नोटीस, मग मुन्सिफ. आपुन एकेक ठोठावायचा.”

गोडी म्हणजे मामा रोज त्या दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळी हकीकत सांगू लागले. दुकानदारानं पायरीवर पाणी ओतायला सुरुवात केली. मग बाजारातले पंच बसले. त्यांनी दुकानदाराचं पान खाल्लं आणि सल्ला दिला, “अर्धे घ्या आणि मिटवा.” मामा म्हणाले, “जबान अर्धी दिली हुती का?” नोटिशीला तर उत्तरच आलं नाही.

रहीमचाचांनी समजावून पाहिलं, “जाने दो मामू, कायकू पीछे पड़रे? चष्मे से ज्यादा तो वकील खा जाएगा.”

“म्हणून तर वकीलच नको,” मामा म्हणाले, आणि नाक्यावरच्या आपल्या खडबडीत उर्दूत त्यांनी स्वतःच मुन्सिफ कोर्टात दावा ठोकला.

आमच्या साक्षी झाल्या. मी अडखळत बोललो, पण रहीमचाचा खणखणीत बोलले. दुकानदारानं बघितलं, जबान आता नाकारता येत नाही. मग त्यानं वेगळाच सूर लावला. जबान दिली होती, पण चष्मा उत्तम आहे, बाईंना स्वच्छ दिसतं, हे सगळं पैशासाठी चाललंय. मुन्सिफ शहाणा माणूस. म्हणाला, बाईंना चष्मा लावून आणा. दिसलं नाही तर रक्कम लगेच परत.

मामा खूश! घरी येऊन मामींना म्हणाले, “तू फकस्त ‘नाय दिसत’ म्हण. बास.” मामी पदरानं चष्म्याच्या काचा पुसत राहिल्या.

तारखेला मामी धुतलेलं लुगडं नेसून, चष्मा लावून कोर्टात उभ्या राहिल्या. दुकानदाराचा वकील मुद्दाम मराठीत, मोठ्यानं म्हणाला, “यांचं म्हणणं, ही बाई आंधळी आहे.”

मामींची मान ताठ झाली. “आंधळी कुणाला म्हणता? दिसतंय मला!”

“असं? मग सांगा, समोर कोण उभं आहे?”

समोर कोर्टाचा दाढीवाला चपराशी उभा होता. मामी म्हणाल्या, “कोण म्हंजे? आमचे हे!”

अख्खं कोर्ट खो खो हसलं. दुकानदाराचं तोंड उतरलं. रहीमचाचांनी माझा हात दाबला. याहून मोठा पुरावा कोणता? मुन्सिफानं निकाल लिहायला लेखणी उचलली. पण ते हसणं मामींच्या कानांवर आदळत होतं. त्यांनी पदर घट्ट धरला आणि चेहरा इकडून तिकडं फिरवू लागल्या.

तेवढ्यात मागं उभे असलेले मामा पुढं आले. त्यांनी चपराशाला कोपरानं बाजूला सारलं आणि त्याच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

“हसायला काय झालं? मीच तर उभा हाय! हुजूर, बाई खरं बोलली. तिला दिसतं. चष्मा अव्वल हाय. म्या दावा मागं घेतो.”

मुन्सिफानं मामांकडं पाहिलं, मग मामींकडं, आणि म्हणाला, “मंजूर.”

खरं सांगतो, मला मामांचा असा राग आला! हातातोंडाशी आलेला निकाल या माणसानं मातीत घातला. आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले होते, तेही खरं.

दावा मागं घेणं म्हणजे काय, हे मामींना कुठलं ठाऊक! टांग्यात बसल्यावर त्यांनी विचारलं, “काय लागला हो निकाल?”

“आपल्या मनासारखा.”

“मग हा चष्मा आता परत द्यायचा का?”

“नाय,” मामा म्हणाले, “राहू दे. तुला शोभतो.”

मामींनी चष्मा दोन्ही हातांनी नाकावर नीट बसवला आणि लाजून हसल्या.