धोंडाक्काचं चौथं वाक्य

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी सगळे नुसत्या हाका मारायचे. ज्याचा गळा मोठा, त्याची हाक लांब. लहान गळ्याचे प्राणी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचे आणि सुखात राहायचे. मग जंगलात सुधारणा झाली. म्हणजे कंपनी आली.

कंपनी तरसाची होती. तरस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर बरंच आहे. तो सारखा हसत असतो. बोलताना हसतो, जेवताना हसतो, कुणी तक्रार घेऊन आलं तर पोट धरून धरून हसतो. असा हसतमुख प्राणी धंद्यात पडला नसता तरच नवल.

त्यानं रानातले सगळे पोपट कामाला ठेवले. तुम्ही पोपटाजवळ बोलायचं. पोपट उडत जाणार, पलीकडच्याला जसंच्या तसं ऐकवणार आणि उत्तर घेऊन येणार. पोपटाला खाऊपिऊ घालायचं आणि कंपनीला दर आठवड्याला टोपलीभर फळं पोचवायची, एवढीच अट. तरस फळं खात नाही, मग तो त्यांचं काय करायचा, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मोठ्यांच्या धंद्यात लहानांनी नाक खुपसू नये.

ग्राहक होणं अगदी सोपं होतं. कंपनीचं माकड तुमच्या बिळाशी, घरट्याशी, डबक्याशी स्वतः यायचं आणि तुमच्या पाठीवर चुन्याचा एक पट्टा ओढायचं. कंपनीनं चुना लावला की झालात तुम्ही ग्राहक. हसायला काय झालं? रीतच होती तशी.

डोंगराच्या पायथ्याशी एका डबक्यात धोंडाक्का नावाची कासवीण राहायची. तिची धाकटी बहीण मंजुळा डोंगरापलीकडच्या तळ्यात. लहानपणी एका महापुरात दोघी दोन दिशांना वाहून गेल्या, त्या गेल्याच. मध्ये डोंगर, आणि कासवाची चाल तुम्हाला ठाऊकच आहे. कित्येक वर्षं एकीला दुसरीचा शब्द ऐकू आला नाही.

म्हणून माकड चुन्याचं मडकं घेऊन आलं तेव्हा धोंडाक्कानं हरखून पाठ पुढे केली. हिराजी नावाचा पोपट तिच्या वाट्याला आला. त्याच्याजवळ तिनं पहिला निरोप दिला, "मंजुळे, कशी आहेस गं?"

हिराजी उत्तर घेऊन आला, "आईचं कमळाचं पान तू ढापलंस, ते आधी परत कर."

धोंडाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण जिवंत होती आणि अजिबात बदलली नव्हती. त्या दिवसापासून दोघी रोज भांडू लागल्या. सकाळी धोंडाक्का टोमणा पाठवायची, दुपारी मंजुळेचा उलटा टोमणा यायचा, मग धोंडाक्का पोटभर जेवायची. इतकी सुखी ती कधीच नव्हती.

पण एके दिवशी हिराजी वेगळंच काही घेऊन आला. "अक्का, आज भांडायला त्राण नाही. पाठ फार दुखते."

धोंडाक्काला घास गिळेना. पाठ दुखणं म्हणजे कासवाचं घर दुखणं. तिनं बराच वेळ विचार केला. गोड बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे नेहमीच्या वाटेनं सुरुवात करून शेवटी गोडाकडे वळायचं तिनं ठरवलं. ती म्हणाली, "मंजुळे, तुझं तोंड फार चालतं. लहानपणापासून मला तुझा राग येतो. आईचीही तूच लाडकी होतीस. पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, तेव्हा लवकर बरी हो."

उभ्या जन्मात ती असं बोलली नव्हती. बोलून झाल्यावर लाजून डोकं आत ओढून बसली.

हिराजी गेला आणि हात हलवत, म्हणजे पंख हलवत, परत आला.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. ऐकलं आणि डोकं आत घेतलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. या घराण्यात राग आला की डोकं आत जातं, आणि आत गेलेल्या डोक्याला पोपट काय सांगणार? धोंडाक्का कासावीस झाली. "तू नक्की सांगितलंस काय?"

हिराजीनं घसा साफ केला. "मंजुळे, तुझं तोंड फार चालतं. लहानपणापासून मला तुझा राग येतो. अस्वलछाप मध, एकदा चाटाल तर बोटं विसराल!"

"आणि पुढचं?"

"पुढचं नाही. नव्या नियमानं दोनच वाक्यं पोचवायची आणि शेवटी जाहिरात."

"कसला मेला नवा नियम? मला कुणी सांगितलं?"

"दवंडी दिली की, अक्का. तुमच्या दारात उभं राहून दिली."

ते खरंच होतं. सिंहमहाराजांचा कायदाच होता तसा. कंपनीनं नियम बदलला तर ग्राहकाच्या दारात ढोल वाजवून सांगायचं. माकड आलं होतं, ढोल वाजवला होता, नियम सांगितला होता. पण ढोल वाजला की कासव काय करतं? डोकं आत घेतं. आणि माकडाचा ढोल थांबेपर्यंत बाहेर काढत नाही. माकडानं मात्र परत जाऊन कळवलं होतं, "धोंडाक्का गप्प होत्या. म्हणजे मान्य आहे."

आता हिराजीची एक खोड होती. सगळ्याच पोपटांची असते. एकदा कानावर पडलेलं त्याला विसरता येत नसे, आणि कुणी विचारलं की मध्ये थांबताही येत नसे. धोंडाक्कानं दवंडीत काय होतं विचारताच त्यानं सगळी दवंडी म्हणून दाखवली, अगदी शेवटच्या ओळीसकट. ती ओळ माकड ढोलाच्या दणदणाटात तोंडातल्या तोंडात म्हणायचं. ती अशी होती: "ज्यास नवा नियम मान्य नसेल, त्याने पुढच्या पौर्णिमेच्या आत डोंगरमाथ्यावरील कचेरीत समक्ष येऊन मोकळे व्हावे."

"समक्ष? अरे, तूच जाऊन सांग ना, धोंडाक्का सोडतेय म्हणून."

"पोपटाकरवी आलेले निरोप कंपनी घेत नाही," हिराजी म्हणाला. तोही थोडा ओशाळला.

"पौर्णिमा कधी आहे?"

"परवा."

शेजारचं बेडूक हसून हसून डबक्यात पडलं. "अक्का, परवापर्यंत तुम्ही त्या समोरच्या जांभळीपर्यंत पोचाल. तेसुद्धा वारा मागून असला तर!"

"ज्यांनी माझं तोंड अर्धं केलं, त्यांना माझ्या पाठीवर राहू देणार नाही," धोंडाक्का म्हणाली आणि निघाली. हिराजी तिच्या पाठीवर बसला. त्याला दुसरीकडे जाताच येईना, तो करारातच होता.

पौर्णिमेला ती जांभळीपाशी पोचली. बेडकाचं गणित बरोबर होतं. पण कासवाला एकदा दिशा दिली की वळायचा फार कंटाळा येतो. ती चालतच राहिली. जांभळं पिकली, गळून पडली. करवंदं संपली. वाटेत तिला पुष्कळ ग्राहक भेटले. भेकराची हाक अर्ध्यावर तुटल्यानं त्याची सोयरीक मोडली होती. खारीच्या पोरांना आई जेवायला बोलवायची आणि पोरांना मधाची जाहिरात ऐकू यायची.

"मग सोडा की कंपनी," धोंडाक्का म्हणायची.

"सोडायची आहेच," भेकर म्हणायचं. "जरा सवड मिळू दे."

चार उड्यांत डोंगरमाथा गाठू शकेल असं ते भेकर! सवड फक्त कासवाला होती. मला अशा पळणाऱ्यांचा भारी राग येतो, पण ते असू द्या.

एका सकाळी धोंडाक्का कचेरीत पोचली. कचेरी म्हणजे एक ऐसपैस गुहा. दारात साळुंकी बसली होती. तिचा आवाज इतका गोड, की ऐकताना दात दुखावेत.

"धोंडाक्का, आपलं मनापासून स्वागत! आपण आमच्यासाठी फार मोलाच्या आहात. रांगेत आपला नंबर सातवा आहे."

धोंडाक्कानं मान वळवून पाहिलं. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं.

"तोवर संगीत ऐका," साळुंकी म्हणाली. कोपऱ्यात रातकिडे बसवले होते. बिचाऱ्यांना दिवसाढवळ्या कामाला लावलं होतं. दुपार कलल्यावर धोंडाक्काचा नंबर लागला.

"मला मोकळं व्हायचंय."

"अरेरे! पण ती मुदत तर केव्हाच संपली. जांभळं पिकायच्या आधी." साळुंकीनं इतक्या हळहळीनं सांगितलं, की धोंडाक्कालाच तिची कीव आली. "आता आपण मान्य केलं आहे असं धरलं जातं. दोन वाक्यं, एक जाहिरात. जन्मभर."

आतून तरसाचं हसणं ऐकू आलं. कासवाचा जन्म किती लांब असतो, ते त्याला माहीत होतं.

धोंडाक्काला वाटलं, एवढा डोंगर चढून आपण फक्त गोड आवाजात नकार ऐकायला आलो. तिकडे मंजुळा आपल्यावर रुसून, दुखरी पाठ घेऊन बसली आहे. कदाचित तशीच बसून राहील. तिला बसल्या जागी रडू फुटलं.

तेवढ्यात गुहेसमोर ढोल वाजला. दण्‌ दण्‌ दण्‌! धोंडाक्काचं डोकं गपकन आत गेलं. माकडानं हातवारे करत काहीतरी सांगितलं, ढोल बडवला आणि पुढच्या झाडाकडे गेलं. सगळं शांत झाल्यावर तिनं डोकं बाहेर काढलं.

"काय म्हणत होता रे मेला?" तिनं सवयीनं विचारलं.

आणि हिराजीनं सवयीनं सांगितलं. खणखणीत आवाजात, साळुंकीच्या डोक्यावरून, आत तरसापर्यंत पोचेल असं:

"ऐका हो ऐका! कंपनीच्या कृपेने नवा नियम! आजपासून कुठल्याही ग्राहकाने कुणाशीही समक्ष भेटून बोलू नये! त्याने कंपनीचे नुकसान होते! ज्यास नवा नियम मान्य नसेल, त्याने पुढच्या पौर्णिमेच्या आत डोंगरमाथ्यावरील कचेरीत समक्ष येऊन मोकळे व्हावे!"

आतलं हसणं थांबलं.

धोंडाक्कानं डोळे पुसले. "मला हा नियम मान्य नाही. पौर्णिमा व्हायची आहे. डोंगरमाथा हाच. कचेरी हीच. आणि मी समक्ष आहे."

तरस बाहेर आला. हसायचा प्रयत्न त्यानं करून पाहिला. "आजी, कशाला त्रास घेता? आपण काहीतरी मार्ग काढू. हिराजी, तू गप्प!"

"तुम्हाला आम्ही तीन वाक्यं देतो," साळुंकी घाईघाईनं म्हणाली. "हे फक्त तुमच्यासाठी. कुणाला सांगू नका."

"तीन?" धोंडाक्का म्हणाली. तिनं मनात मोजून पाहिलं. तुझं तोंड चालतं, मला राग येतो, आईची तूच लाडकी. "नको गं बाई. तीन पोचली तर ती मला जन्मात तोंड दाखवणार नाही. माझं सगळं चौथ्यात आहे."

"चार वाक्यं!" तरस ओरडला. "आणि पहिल्या पौर्णिमेपर्यंत जाहिरात नाही!"

"आणि नंतर?"

 तरस कायद्याचा जाणकार होता. बाहेर दोन सांबरं आणि एक साळिंदर कान टवकारून उभी होती, हेही त्यानं पाहिलं. नाइलाजानं माकडाला बोलावलं. माकडानं धोंडाक्काच्या पाठीवरचा चुना नारळाच्या काथ्यानं खरवडून काढला. धोंडाक्काला गुदगुल्या झाल्या आणि त्या गुहेत कितीतरी दिवसांनी तरस सोडून दुसरं कुणीतरी हसलं.

बाहेर येऊन तिनं पाहिलं, तर पलीकडच्या उताराखाली तळं चमकत होतं. आता ती कशाला थांबतेय? तिनं हातपाय आत घेतले आणि दिलं स्वतःला सोडून. चढायला एवढे दिवस लागले, उतरायला एका शिंकेचा वेळ लागला. डुबुक्!

तळ्याकाठी एक पाठ दिसली. डोकं आत होतं. तिच्यावर शेवाळ साचलं होतं.

धोंडाक्का तिच्याजवळ गेली आणि एकेक करून चारही वाक्यं म्हणाली. चौथं म्हणताना ती जरा अडखळली, पण तिनं ते पुरं केलं.

 मग पाठीतून आवाज आला, "शेवटचं परत म्हण."

धोंडाक्कानं परत म्हटलं.

मंजुळेचं डोकं हळूहळू बाहेर आलं. म्हातारी झाली होती बिचारी. "हे आधी म्हणायला काय जीभ झडली होती?" ती म्हणाली. "आणि आलीस ती रिकाम्या हातानंच ना? पान कुठाय माझं?"

"तुझं? आईनं मला दिलं होतं ते!"

झालं. दोघी जुंपल्या. धोंडाक्कानं बहिणीची पाठ चेपता चेपता भांडण केलं, आणि दोघींना भूक अशी लागली म्हणता!

ही बातमी जंगलभर पसरली. भेकर, खार, बेडूक सगळे धोंडाक्काचं कौतुक करू लागले. अशी हवी हिंमत, असं म्हणाले. तिची गोष्ट सांगायला लोक एकमेकांकडे पोपट पाठवू लागले. अर्थात दोनच वाक्यांत बसेल तेवढी. आपणही एकदा डोंगरावर जायचं, असं प्रत्येकानं ठरवलं. नेमकं तेव्हाच माकड ढोल घेऊन आलं, आणि नवा नियम ऐकायला कुणाला सवड नव्हती.

तात्पर्य: करार रद्द करण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला असतो, त्यासाठी आयुष्य तेवढं दीडशे वर्षांचं असावं लागतं. ज्यांचं साठ-सत्तरचंच आहे, त्यांनी उगाच डोंगर चढू नये. अस्वलछाप मध घ्यावा आणि सुखात राहावं.