सही अस्सल आहे

हेडसाहेब कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. स्काउट पथकाच्या बढती समितीचं अध्यक्षपद मिळाल्यापासून तर त्यांना उमेदवार आणि आरोपी यांतला फरकच कळेनासा झाला. नियमपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं, ‘पुन्हा परीक्षा घेऊ नये, मोकळ्या गप्पा माराव्यात.’ साहेबांनी पुस्तिकेला सुबक कव्हर घातलं होतं. आत डोकावायचं राहून गेलं होतं.

त्या दिवशी टोळीप्रमुखपदासाठी चौदा वर्षांची एक मुलगी समोर बसली होती. साहेबांच्या दोन बाजूंना समितीचे सदस्य, दातांचे डॉक्टर आणि शिंपीकाका.

“नदी ओलांडताना कमरेला दोराची गाठ कशी मारतात? दाखव!” साहेब गरजले.

“सर, ती परीक्षा झाल्याची कार्डावर सही आहे.”

“सही काय, कुणीही ठोकतं! बघू.” साहेबांनी चष्मा चढवला. “हे काय कोंबडीचे पाय? धडधडीत खोटी सही! डॉक्टर, हे पथकातून नाव काढण्याचं प्रकरण आहे.”

डॉक्टरांनी कार्ड उजेडात धरलं आणि हळूच म्हणाले, “साहेब, ही तुमची आहे.”

साहेबांचा चेहरा पडला, पण खुर्ची पक्की होती. “मग अस्सल आहे. प्रश्नच मिटला.”

“पण सर, तुम्ही परीक्षा घेतलीच नव्हती,” मुलगी म्हणाली. “तुम्ही फोनवर बोलत होतात. एकवीस रकान्यांत एका दमात सह्या केल्यात. मी म्हटलं, ही गाठ मला येत नाही. तुम्ही म्हणालात, येईल हळूहळू.”

शिंपीकाकांना हसू आवरेना. “अहो, मग आता शिकवा की तिला!”

साहेबांनी टेबलावरचा दोर उलटा धरला, सुलटा धरला आणि डॉक्टरांकडे सरकवला. डॉक्टरांनी तो पुढे ढकलला.

“माझ्याकडे नको,” शिंपीकाका म्हणाले. “हा माझ्या सुईत ओवायचा नाही.”

“सर, मला नापास करा,” मुलगी काकुळतीला आली. “पास झाले तर रविवारच्या सहलीत आठ मुलींना मलाच नदी पार करून न्यायचंय.”

नापास करायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण तर स्वतःचीच सही! साहेबांनी नोकरीभर जे केलं तेच केलं. “बढती एकमताने मंजूर!”

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी नव्या टोळीप्रमुखाला फोन लावला. त्या आठ जणींत त्यांची नात होती.

“अगं, आमच्या छकुलीला सर्दी झालीय. तापही आहे जरा. तिचं नाव यादीतून कापतेस का?”

“कापलं सर. आठही जणींची कापली. सहल रद्द. तेवढा अधिकार आहे ना आता मला?”

“आहे, आहे! शाब्बास!” साहेबांचा जीव भांड्यात पडला. “कारण काय दिलंस?”

“जे झालं तेच. सविस्तर लिहून पथकाच्या फलकावर लावलंय. मुलींना घरी न्यायला सगळे पालक इथे आलेत ना, मागच्यांना दिसत नाही. म्हणून तुमची छकुलीच मोठ्याने वाचून दाखवतेय.”