दोन्ही असणारी घरं

"वर्गात तीस मुलं. अठरा चहा पितात, सोळा दूध पितात आणि चार जण दोन्ही पितात," एंजल वाचत होती. "मग दोन्ही पिणारं मूल निवडलं जाण्याची संभाव्यता चार भागिले तीस."

"अठरा नि सोळा चौतीस व्हत्यात," फिलिप म्हणाला. "पोरं तीस. पुस्तक चुकलंय."

"पप्पा, दोन्ही पिणारे दोनदा मोजले गेलेत!"

"मानूस दोनदा कसा मोजला जाईल?" साखर कारखान्यात फिटर असलेल्या फिलिपला हे पटेना. रविवार होता, चर्चहून येऊन पोटभर जेवण झालं होतं. "थांब, आपल्या गल्लीतच मोजून येतो. शेळ्या किती घरी, कोंबड्या किती घरी."

पहिलं घर रतनबाईचं.

"शेळी हाय?"

"हाय की."

"कोंबड्या?"

"न्हाईत."

"अरेरे! म्हंजे दोन्ही न्हाई."

त्या 'अरेरे'ने घोटाळा केला. फिलिप दोन घरं पुढे गेला नाही तोच बेलापूरची ती गल्ली जागी झाली. शेळी आणि कोंबडी दोन्ही असणाऱ्यांना अनुदान मिळणार, अशी हूल उठली!

श्रीमंतने उभ्या जन्मात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. तो एका हातात दावं आणि काखेत कोंबडी घेऊन दारातच उभा होता.

"ही रतनबाईची शेळी ना?" फिलिपने विचारलं.

"आता आमची हाय."

"आरं, पोरीचं गनित हाय हे! अनुदान-बिनुदान काय न्हाई."

श्रीमंतने डोळा मारला. "आधी कुनी कबूल करतंय व्हय? आमचं नाव तेवढं वर घाला."

कारभारींच्या घरी चहा आला, भजी आली, आणि मागच्या दाराने धापा टाकत तीच शेळी आली. शेवटच्या घरी तर ती दमून अंगणात बसूनच होती.

"आजारी हाय का?"

"छे! लई गरीब हाय सभावानं."

फिलिप घरी परतला तो हसतच.

"काय निघालं, पप्पा?"

"रतनबाईपासून शेवटापर्यंत समद्यांकडं दोन्ही. रतनबाईनंबी नंतर कोंबडी दाखवली."

"मग दोन्ही असण्याची संभाव्यता एक. म्हणजे नक्कीच."

"आन् तुझं पुस्तक बरोबर हाय. दोनदा काय, एक शेळी मी चारदा मोजली!"

बापलेक पोट धरून हसत असतानाच फाटक वाजलं. एंजलची आई दीना त्याच शेळीला ओढत आत येत होती. काखेत कोंबडी.

"अगं, तू कशाला? अनुदान न्हाई म्हणून मीच सांगतोय ना!"

"तुमाला काय म्हाईत?" दीना शेळी खांबाला बांधत म्हणाली. "तुमी तर नुसते मोजायला गेल्ता."