बुरूंगाच्या डुकराची सरकारी नोंद

दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला बुरूंगा गावच्या मातीच्या धावपट्टीवर डॉक्टरचं विमान उतरतं, आणि ते उतरण्याआधी पट्टीवरच्या कांगारूंना हाकलण्याची जबाबदारी क्लेमची आहे. त्याचा जुना ट्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा धावतो. क्लेम खिडकीतून हात काढून दार बडवत गातो:

उठा गं बायांनो, झटका लाल माती,
आभाळीचा वैद्य आला, पेटी त्याच्या हाती.

कांगारू उठतात. ट्रकमुळे उठतात की गाण्याला कंटाळून, याची चौकशी अद्याप झालेली नाही.

गावात माणसं एकोणीस. डॉक्टर सगळ्यांनाच तपासतो, पण क्लेमचा जीव अडकलेला असतो तो एका छातीत, त्याच्या बायकोच्या. डल्सीचं काळीज ठोके देता देता मधेच एखादा गाळतं, शिवणीतला टाका निसटावा तसं. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाला होता, "पुढच्या वेळी यंत्र घेऊन येतो. तेवढी खेप चुकवू नका."

ती खेप चुकली एका रानडुकरामुळे.

गेल्या थंडीत शहरातली मंडळी येऊन चित्रपट काढून गेली होती. त्यात नऊ मीटरचं रानडुक्कर एक अख्खं गाव खातं. खाल्ली जाणारी माणसं स्वस्तात हवी होती, म्हणून बुरूंगातलीच सतरा घेतली. क्लेम धावपट्टीच्या कामावर होता आणि डल्सी सगळ्यांसाठी मटणाच्या तंगड्या भाजत होती, म्हणून तेवढी दोघं वाचली. चित्रपट धो धो चालला. तो जिल्ह्याचे सुरक्षा अधिकारी पेनबर्थी यांनीही पाहिला, आणि सोमवारी कचेरीत येऊन धोक्यांची नोंदवही उघडली. बुरूंगाच्या पानावर साप होता, पूर होता, वणवा होता. डुक्कर नव्हतं.

"अहो, ते खोटं आहे. सिनेमातलं," क्लेम म्हणाला.

"मला ठाऊक आहे," पेनबर्थी शांतपणे म्हणाले. "पण नोंदवहीत 'खोटं' असा रकाना नाही. उद्या कुणी विचारलं, सगळ्या देशाला माहीत होतं, कचेरीलाच कसं नव्हतं, तर मी काय सांगू?"

गावाच्या वेशीवर सूचनाफलक लागला. फलक लागला म्हणजे डुक्कर अधिकृत झालं. आणि अधिकृत हिंस्र जनावराच्या पाच किलोमीटरच्या आत विमान उतरवायला मनाई आहे. पट्टीवर दोर बांधला गेला. कांगारू निवांत लोळले.

फलक काढायचा तर जनावर नष्ट झाल्याचा पुरावा हवा होता. दारूच्या गुत्त्यामागच्या शेडमध्ये सिनेमावाल्यांचं हवा गेलेलं रबरी डुक्कर पडून होतं. क्लेमनं ते ट्रकला बांधून कचेरीसमोर ओढत नेलं. पेनबर्थींनी टेप लावली. नऊ मीटर, बरोबर.

"हे मेलेलं आहे?"

"ते जिवंतच कधी नव्हतं."

"मग मेल्याचा दाखला देता येणार नाही. मरण्यापूर्वी जिवंत असणं आवश्यक आहे."

डल्सी ट्रकमध्येच बसून होती. ती म्हणाली, "क्लेम, त्यात हवा भर, आणि साहेबांच्या देखत गोळी घाल. बिचाऱ्यांना जेवायला उशीर होतोय."

तसंच झालं. डुक्कर अर्धा तास सुस्कारे टाकत मेलं. पेनबर्थींनी टोपी काढली, वेळ लिहिली आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आता काय?" क्लेमनं विचारलं.

"एवढं जनावर एकटं कसं जन्मेल? आई असेल, बाप असेल. शिवाय याच्या जातीचं दुसरं कुठे नोंदलेलं नाही. म्हणजे दुर्मिळ जात, आणि तुम्ही त्यातलं एक मारलंत."

बातमी पसरली. उरलेल्या डुक्कर कुटुंबाला वाचवा, अशा अर्जावर आठवड्यात चाळीस हजार सह्या झाल्या, आणि धावपट्टीसकट सगळा माळ अभयारण्य ठरला. गावानंही अर्ज केला, डॉक्टरचं विमान उतरू द्या. त्यावर एकोणीस सह्या होत्या. पेनबर्थींनी सतरा खोडल्या.

"ही सगळी माझ्या गावची माणसं आहेत," क्लेम म्हणाला.

"होती," पेनबर्थी हळुवारपणे म्हणाले. "ज्या पुराव्यावर डुकराची नोंद आहे, त्याच पुराव्यात ही सतराजणं खाल्ली गेली आहेत. अर्धा पुरावा ग्राह्य धरून चालत नाही, क्लेम. माझ्या सहवेदना."

"आणि आम्ही दोघं?"

"तुमचा अर्ज वैध आहे. विचार होईल."

शेवटी क्लेमनं डल्सीच्या पाठीला उशी लावली, थर्मासमध्ये चहा भरला आणि चारशे वीस किलोमीटरवरच्या इस्पितळाची लाल मातीची वाट धरली. तो खड्डे चुकवत होता, ती मुकाट ठोके मोजत होती. समोरून गाड्यांवर गाड्या येत होत्या, टपांवर तंबू, आतल्यांच्या डोक्यावर डुकराच्या सुळ्यांच्या टोप्या. दर गाडी धूळ उडवून, हात हलवून जायची.

"माणसं हौशी आहेत," डल्सी म्हणाली.

"तू बोलू नकोस. दम जपून ठेव."

एक गाडी थांबली. काच खाली आली.

"काका, डुकराचं गाव याच वाटेवर ना?"

"याच."

"तुम्ही तिकडचेच? आणि मावशी, तुम्ही वाचलात त्यातून?"

डल्सीनं छातीवरचा हात काढला नाही. "अजून ठरलं नाही, बाळा," ती म्हणाली.

गाडीत हशा पिकला. मागच्या सीटवरून कुणीतरी तिचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तुमच्याकडेही आला होता. तुम्ही त्यावर हसरा चेहरा डकवलात आणि पुढच्याला पाठवून दिलात.