गुरप्पाच्या जागी गुरप्पा

सोलापुरातल्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवणारा गुरप्पा हत्तुरे हा इसम सन एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात क्षयाने आजारी पडला आणि दिवाळीच्या सुमारास बरा झाला. यातली पहिली गोष्ट गिरणीला मान्य नव्हती. त्यामुळे दुसरी मान्य करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आजारी तो चांगलाच होता. खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा त्याची बायको बसव्वा हिने सिद्धेश्वराला नवस बोलून त्याला विम्याच्या दवाखान्यात नेले आणि तिथून त्याची रवानगी क्षयाच्या वॉर्डात झाली. शेजारच्या खाटा भरत, रिकाम्या होत, पुन्हा भरत. गुरप्पा मात्र इंजेक्शने घेत खाटेला चिकटून राहिला. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती. लिंगायताच्या घरातून ती शेंगदाण्याच्या लाडवांच्या रूपाने आली. अखेर छातीचा फोटो स्वच्छ निघाला आणि डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून त्याला घरी धाडले. बसव्वा वॉर्डाच्या दारात उभी राहून मनसोक्त रडली आणि मग टांग्याचे पैसे वाचवायला दोघे चालत घरी आले.

आता गिरणीतली पद्धत सांगायला हवी. साच्यावरचा कायम माणूस आला नाही, तर त्याचा त्या दिवशी खाडा लागे, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बदली कामगारांपैकी एकाला त्याच्या जागी आत घेत. बदलीला त्या दिवसाची मजुरी मिळे. ही पद्धत गिरणीच्या भोंग्याइतकी जुनी होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्या सुमारास आणीबाणीबरोबर देशात शिस्त आली होती. सोलापूरला ती कुर्डुवाडी जंक्शनात थोडी रखडून पोचली, आणि पोचताच गिरणीचे लेबर ऑफिसर शिवयोगी यांनी गैरहजेरीचे समूळ उच्चाटन करायचे ठरवले.

शिवयोगीसाहेब विचारी गृहस्थ होते. त्यांनी असा विचार केला की, कामगार हजर असल्याचा पुरावा काय, तर साचा चालू असणे. साचा तर बदली आला तरी चालूच असतो. मग खाडा लागतोच कशाला? त्यांनी परिपत्रक काढले की, यापुढे बदली कामगार ज्याच्या जागी उभा राहील, त्याच्याच नावाने हजेरी देईल. खाडा हा शब्द वापरण्यास मनाई झाली. पहिल्याच महिन्यात हजेरी शंभर टक्के भरली, मुंबईहून अभिनंदनाची तार आली आणि साहेबांनी ती चौकटीत बसवून खुर्चीमागे लावली.

गुरप्पाच्या साच्यावर वैरागचा भीमा उभा राहिला होता. हा शेतकऱ्याचा पोर, अंगाने आडदांड, स्वभावाने सरळ आणि खोकला म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तो रोज गुरप्पा म्हणून आत जात होता आणि गुरप्पा म्हणून बाहेर पडत होता.

बरा झालेला गुरप्पा धुवट सदरा घालून, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे गाठोडे घेऊन भोंग्याच्या आधी फाटकावर गेला. टाइमकीपर संगप्पा त्याच्याच आळीतला. दोघे लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकले होते. पण संगप्पाने मान वर केली आणि गुरप्पा मघाशीच आत गेल्याचे सांगितले.

"कोण गुरप्पा?"

"गुरप्पा हत्तुरे."

"आन् मी कोण?"

संगप्पाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली घेतला. "तुला मी वळखतो की रे. पण वळखीवर हजेरी लावायची सायबांनी बंद केलंय."

गुरप्पा थेट शिवयोगीसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि दवाखान्याचा कागद दोनदा वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, गुरप्पा हत्तुरे बरा झाला याचा गिरणीला आनंदच आहे; फक्त तो आजारी केव्हा होता, हे समजत नाही.

"आजारी पडायचं तर आधी गैरहजर राहावं लागतं," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपल्याकडे गैरहजेरी नाही. तेव्हा आपण आजारी नव्हता."

"सायेब, रक्त पडलं की."

"ते आपलं खासगी."

गुरप्पाने मग कामावर कधी येऊ म्हणून विचारले. आपण कामावरच आहात, असे साहेबांनी त्याला सांगितले. आता जो माणूस कामावर आहे त्याला पुन्हा कामावर घेता येत नाही, हे कुणालाही पटेल. गुरप्पालाही ते पटल्यासारखे झाले, आणि त्यामुळेच तो फार घाबरला. साचा गेला तर घर कशावर चालणार, हे त्याला कळत नव्हते.

साहेब काही दगडाच्या काळजाचे नव्हते. भीमा हा गुरप्पा झाल्यापासून भीमाचे बदलीचे कार्ड बिनवापराचे पडून होते. ते त्यांनी काढून गुरप्पाला दिले. या कार्डावर भीमा म्हणून त्याने रोज फाटकावर उभे राहावे; गुरप्पा हत्तुरे जर कधी आला नाही, तर त्याच्या जागी घेताना या भीमाचा प्रथम विचार करण्यात येईल, कारण त्या साच्याचा त्याला अनुभव आहे, असे त्यांनी आश्वासन दिले.

तेव्हापासून गुरप्पा स्वतः न येण्याची वाट पाहत रोज फाटकावर उभा राहू लागला. कधी दुसऱ्या कुणाच्या जागी एखादा दिवस मिळे. पुष्कळदा तोही मिळत नसे. आजारपणाचा भत्ता मागायला तो विम्याच्या कचेरीत गेला, तर गिरणीने त्याची पूर्ण हजेरी कळवली असल्याने भत्ता नामंजूर झाला होता. उलट, रोज कामावर जाणाऱ्या धडधाकट माणसाने रुग्णाची खाट अडवून सरकारी दूध का प्यायले, याचा खुलासा त्याच्याकडे मागण्यात आला. किराणा दुकानदार चनमल्लप्पानेही उधारी बंद केली. आजारी माणसाला त्याने वर्षभर सांभाळून घेतले असते; पण गुरप्पा रोज कामावर असतो असे त्याने गिरणीतल्या चार जणांकडून ऐकले होते, आणि मिळवत्या माणसाने उधार मागावे हे त्याला आवडले नाही. बसव्वा मग घरोघर विकायला शेंगाचटणी कुटू लागली. कुटताना ती शिवयोगीसाहेबांचे नाव घेई, त्यामुळे चटणी बारीक होई.

इकडे विम्याच्या कचेरीत एका कर्तव्यदक्ष कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. दवाखाना म्हणत होता, गुरप्पा हत्तुरेला क्षय आहे. गिरणी म्हणत होती, गुरप्पा हत्तुरे कामावर आहे. दोन्ही कागदांवर शिक्के होते, म्हणजे दोन्ही खरे. याचा अर्थ क्षयाचा रोगी साचा चालवतो आहे. त्याने ताबडतोब हुकूम काढला की, सदर रोग्यास राहिलेली इंजेक्शने कामाच्या ठिकाणी जाऊन देण्यात यावीत. कंपाउंडर सुई घेऊन साचेखात्यात आला आणि त्याने गुरप्पा हत्तुरे म्हणून पुकारा केला. भीमाने सवयीने हजर म्हटले.

आठवड्याभरात भीमा लंगडत गुरप्पाच्या घरी आला.

"अण्णा, तुमच्या सुया मला टोचायलेत," तो म्हणाला. "आन् सोसायटीचं कर्ज तुमी काढल्यालं, हप्ता माज्या पगारातनं कापत्यात."

आपण खाटेवर पडलो असताना आपले कर्ज फिटत होते, हे गुरप्पाला तेव्हा कळले. त्याला बरे वाटले आणि लगेच लाजही वाटली. बसव्वाने भीमाला जेवायला वाढले; बसता येत नसल्याने तो उभ्यानेच जेवला. जेवताना त्याने सुचवले की, उद्यापासून आपण येतच नाही, अण्णांनी आपला साचा घ्यावा. गुरप्पाने त्याला मोडता घातला. गुरप्पा म्हणून यायचे सोडले तर भीमा परत येणार कोण म्हणून? भीमा तर आधीच फाटकावर उभा होता. वैरागला भीमाचे म्हातारे आईबाप होते, दोन बहिणी उजवायच्या होत्या. दुसऱ्याच्या पोराचे नाव काढून घेऊन आपण पोट भरायचे, हे गुरप्पाच्या मनाला येईना. तो विषय तिथेच राहिला.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा झाल्यावर गिरणीत शिस्त समारंभ झाला. वर्षात एकही दिवस न चुकलेल्या आदर्श कामगाराचा सपत्नीक सत्कार मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हस्ते व्हायचा होता. आदर्श कामगार अर्थातच गुरप्पा हत्तुरे निघाला. भीमाला फेटा बांधून व्यासपीठावर बसवले. पत्नी म्हणून बसव्वाला निरोप गेला, कारण कागदोपत्री गुरप्पा हत्तुरेची पत्नी तीच होती. खरा गुरप्पा बदल्यांबरोबर मागच्या रांगेत बसला.

भीमाला शाल मिळाली, बसव्वाला खण आणि नारळ मिळाला. मग फोटोसाठी दोघांना जवळ उभे राहायला सांगितले, तेव्हा भीमा फेट्याएवढा लाल झाला आणि बसव्वा शिवयोगीसाहेबांकडे वळली.

"सायेब, ह्यो माजा मालक न्हाय. माजा मालक तितं मागं बसून टाळ्या वाजवायलाय."

"बाई, ते बदली आहेत," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "कायम हे."

बसव्वाने यावर थोडा वेळ विचार केला. तिला लिहितावाचता येत नव्हते, पण नवरा घरी आल्यापासून कागदाचे म्हणणे कसे असते ते तिने पुष्कळ ऐकले होते. ती सरळ पाहुण्यांपुढे गेली, पदर सावरला आणि समोरचा माइक चालू असताना म्हणाली, "ह्ये माजे मालक आस्तील, तर ह्यांचा पगार माज्या हातात द्या."

सभेत हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. पाहुणे तर भारावूनच गेले. कामगाराचा पगार गुत्त्यात न जाता घरात जावा, ही तळमळ एका अडाणी स्त्रीच्या तोंडून ऐकून आपल्याला धन्य वाटते, असे ते म्हणाले, आणि गुरप्पा हत्तुरेचा पगार यापुढे पत्नीच्याच हाती द्यावा, असा त्यांनी व्यासपीठावरूनच हुकूम केला. हरकत घ्यायची तर शिवयोगीसाहेबांना आधी बरेच काही कबूल करावे लागले असते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पहिल्या पगाराला बसव्वाने पाकीट घेतले आणि दारातच त्यातला निम्मा भाग भीमाच्या हातावर ठेवला. भीमाने हिशेब केला. निम्मा पगार, सगळ्या सुया आणि बायकोवाला म्हणून फाटकावर होणारी थट्टा. तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "वैनी, रानात हुरडा आलाय. काडणीबी तोंडावर हाय. मी जातो गावाकडं, बघू म्होरचं म्होरं." या वेळी गुरप्पाचा मोडता त्याने मानला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि गुरप्पा हत्तुरे आला नाही. संगप्पा खिडकीत उभा राहिला आणि त्याने गुरप्पाच्या जागी कोण म्हणून विचारले. गुरप्पा पुढे झाला. भीमाच्या कार्डावर तो आत गेला, गुरप्पाच्या नावाने त्याने हजेरी दिली आणि आपल्या साच्याजवळ जाऊन उभा राहिला. साच्यावर हात ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. धोटा सुरू झाल्यावर मात्र त्याला कशाचीच आठवण राहिली नाही. पगार बसव्वाच्या हाती येऊ लागला, चनमल्लप्पा पुन्हा नमस्कार करू लागला आणि उरलेली इंजेक्शने गुरप्पाने आनंदाने घेतली. सगळे आजारापूर्वी होते तसे झाले. शिवयोगीसाहेबांनी वार्षिक अहवालात याची नोंद सुधारणा या सदराखाली केली.

काढणी उरकून भीमा परत आला. त्याच्या नावाचे कार्ड गुंतलेले असल्याने साहेबांनी त्याला कल्लप्पा नावाच्या एका बदलीचे कार्ड दिले. कल्लप्पा मागेच वारला होता, पण त्याचीही गैरहजेरी लागलेली नव्हती. भीमा आता फाटकावर उभा राहतो. गुरप्पा दिसला की धावत पुढे येतो, त्याच्या हातातले गाठोडे घेतो आणि विचारतो, "अण्णा, तब्येत कशी हाय?"

त्याच्यामागून दुसरा बदली विचारतो, मग तिसरा, मग सगळी रांग विचारते. इतक्या जिव्हाळ्याने गुरप्पाची चौकशी वॉर्डातल्या डॉक्टरांनीही केली नव्हती. थंडीत त्याच्या घशाशी खवखव होते. तो खोकला गिळतो, छाती पुढे काढतो आणि लई झाक म्हणून सांगत झपाझप आत शिरतो. चार महिने याच रांगेत उभे राहून त्यानेही आत जाणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारले होते, आणि उत्तर ऐकताना आपल्याला काय हवे असायचे, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

वाचकांनी गिरणीच्या लोकांना खुशाल हसावे. फक्त मागे आपल्या कचेरीतले हेडक्लार्क रक्तदाबाने घरी पडले होते, तेव्हा संत्री घेऊन सगळ्यांत आधी त्यांच्याकडे कोण गेले होते, आणि ते उठून बसलेले पाहून जिना उतरताना आपले तोंड का उतरले होते, तेवढे जरा आठवावे.