एका दिवसाची सहल, वर्षभराच्या गोधड्या

गहिनीनाथ मुकादमाला नियोजन शिकवणारा अजून दुष्काळी कर्जत तालुक्यात जन्माला यायचा होता! ऊसतोडीची अख्खी टोळी, तिची भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं आणि जुनी भांडणं यांच्यासकट तो दरवर्षी उचलायचा आणि पार कोल्हापूरकडच्या फडात नेऊन उतरवायचा. वाटेत एक कोंबडी हरवायची नाही. अशा माणसाला एका दिवसाची सहल म्हणजे काय? पैलवानाला करंगळीची कुस्ती!

"सहा म्हयन्यांचं बिऱ्हाड हलवतो मी!" पारावर मांडी ठोकून तो म्हणाला. "पहाटं निघायचं, राजूरच्या पुढं अभयारन्यात जायचं, धबधबा बघायचा, रातच्याला घरी. एक भाकरीचं फडकं, एक पान्याची बाटली, एक काठी. चौथी वस्तू दिसली तर टेम्पोतनं खाली!"

आता ही सहलीची अक्कल त्याला आपण होऊन सुचली होती असं कुणी समजू नये. ती त्याच्या बायकोनं, चांगुणानं, त्याच्या डोक्यात दगडानं खुंटी ठोकावी तशी ठोकली होती. तिनं मोबाईलवर एक धबधबा बघितला आणि तिचं डोकं फिरलं.

"सातारा दावला म्हनता. काय दावलं? ऊस! सांगली दावली. काय बघितलं मी? ऊस! आता एक दिवस असं कायतरी दावा, जे तोडायचं न्हाई, बांधायचं न्हाई, डोक्यावर घेऊन गाडीत भरायचं न्हाई. नुसतं बघायचं! दावलं न्हाई, तर यंदा फडात तुमी एकलेच जावा."

ही धमकी साधी नव्हती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसांना अवजाराच्या नावानं मोजणाऱ्या या धंद्याला घालायच्या शिव्या माझ्याकडं पोतंभर आहेत, पण आज सहलीला निघालोय, तोंड खराब करत नाही. एवढंच ध्यानात घ्या, की बारा कोयत्यांचा मुकादम स्वतः अर्धा कोयता निघाला, तर टोळीनं त्याला फडात नव्हे, गावातच पुरलं असतं!

तर पहाटे टेम्पो निघाला. चालवायला चांगुणाचा भाऊ अजिनाथ. शेजारी केबिनमध्ये मुकादम, फेटा बांधून. मागं काय चाललंय हे त्यानं बघितलं नाही. मुकादमानं एकदा पुढं तोंड केलं की मागं वळायचं नाही, वळला की टोळी फुटते, असा त्याचा नेमच होता. आजवर या नेमानं त्याला तारलं होतं.

राजूरला चहाला थांबले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मुकादम खाली उतरला, मिशीवर हात फिरवला आणि वर बघितलं. टेम्पोला पोट आलं होतं! दोरखंडानं आवळलेल्या गोधड्यांचा एवढा डोंगर, की त्याच्यापुढं समोरचा खरा डोंगर गरीब दिसत होता. आणि शिखरावर, देवीसारखी मांडी घालून, त्याची चुलती रंगुबाई तंबाखू मळत बसली होती.

"काकू! हे काय?"

"गोधड्या. तुला दिसत न्हाई व्हय रं गहिन्या?"

"अजिनाथ!"

"दाजी, मी लई सांगायला बघितलं," अजिनाथ बशीतल्या चहाला फुंकर घालत म्हणाला. "तुमी म्हनला, पुढं बघ, मागचं काय सांगू नको. मग मी पुढं बघितलं."

चांगुणा पुढं झाली. "घट तोंडावर आलेत. घटाच्या आधी घरातलं पांघरून-आंथरून धुवायला लागतं का न्हाई? आपल्या वढ्यात बेडूक बुडंल एवढं बी पानी न्हाई. टँकरच्या पान्यात गोधडी धुतली तर गाव मारायला उठंल. आन् तिकडं एवढं पानी नुसतं पडतंय! कुनी हात बी लावत न्हाई! बघवत न्हाई मला."

"आगं, नुसतं बघायचं म्हनली हुतीस ना?"

"बघत बघत धुवू!"

प्रत्येक घरातली प्रत्येक गोधडी आली होती. बाळंतपणाची, पाहुण्यांची, फडातल्या पाचटाच्या कोपीत अंथरायची. मुकादमाच्या तोंडचा चहा कडू झाला. पण अर्ध्या कोयत्याची आठवण झाली आणि तो परत केबिनमध्ये जाऊन बसला.

अभयारण्याच्या नाक्यावर वनरक्षक अश्विनीताई एकटीच ड्युटीवर होती. डोंगरातलीच पोरगी, डोक्याला टोपी, हातात शिट्टी. तिनं टेम्पोकडं खालून वर बघितलं. मान मागं जाता जाता टोपी पडली.

"मुक्काम बंद आहे, बाबा. अभयारण्यात राहता येत नाही."

"ऱ्हायचं कुठं? दिवसाची सहल हाय!"

"मग एवढी पांघरुणं?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण तालुकाभर नियोजनाची टिमकी वाजवणारा माणूस म्हणणार कसा, की धबधब्याला धुणं घेऊन आलोय! मुकादम छाती काढून म्हणाला, "आमी कोरड्या मुलखातली मानसं. इकडं थंडी लई. बायामानसांना सोसत न्हाई."

"माणसी दोन-दोन गोधड्यांची थंडी?"

"कायची थंडी?" वरून रंगुबाई ओरडली. "धुवायच्यात पोरी! साबनाच्या वड्या बी आनल्यात!"

झालं! अश्विनीताईनं थेट शिट्टीच मारली. "अभयारण्यात धुणं बंद! साबण बंद! खाली हे पाणी जनावरं पितात, माझं गाव पितं. गोधड्या इथं उतरवा आणि मग जा."

"गोधड्या सोडून?" सगळ्या बाया एका सुरात बोलल्या. "माझ्या आईच्या लुगड्याची हाय!" "माझ्या सासूची हाय!" "कुनी नेली म्हंजी?" कुणी टेम्पोतून उतरेना. मुकादमानं विनवलं, दटावलं, फडातला आवाज काढला. टोळी हलेना! नेमानं तारलं नाही. मागं न बघताच टोळी फुटली!

चांगुणा मात्र धबधब्याच्या आवाजाकडं कान लावून उभी होती. इतक्या जवळ येऊन परत? तिनं नवऱ्याकडं असं बघितलं, की त्याला आपला दुसरा अर्धा कोयता डोळ्यांदेखत तुटताना दिसला.

एवढ्यात मागं काळ्या काचांची एक मोटार येऊन ठेपली. आत गाण्यांचा असा दणदणाट, की झाडावरची माकडं घर बदलायला निघाली. छपराचं झाकण उघडं टाकलेलं, पुढची काच खाली झाली आणि एक गॉगल बाहेर आला.

"ओ, तुमचं बिऱ्हाड बाजूला घ्या! आम्हाला निसर्ग बघायचाय!"

आपल्या देशात काचा काळ्या असल्या, की पोटातलं सगळं कायदेशीर होतं. टेम्पो मात्र उघडा असतो, त्याची आतडी मोजायला सगळे मोकळे! पण त्या गॉगलचं एक चुकलं. गोधड्यांच्या शिखरावरून, उघड्या छपरातून, रंगुबाईला त्याच्या मोटारीचा तळ दिसत होता.

"अगं पोरी," ती निवांतपणे म्हणाली, "आमचा साबन घे काढून. पर ह्यांच्या मांडीखाली बाटल्यांचं खोकं हाय, ते काय निसर्गाला पाजायला चाललेत का?"

अश्विनीताईनं दार उघडायला लावलं. खोकं निघालं, त्याच्याखाली आणखी एक निघालं. गाणं बंद, गॉगल खाली. दंडाची पावती घेऊन मोटार आल्या वाटेनं परत गेली, तेव्हा टेम्पोतल्या बायांनी तिला हात हलवून असा निरोप दिला, जसं पोरीला सासरी धाडतात.

अश्विनीताईच्या तोंडावर हसू आलेलं चांगुणानं हेरलं. ती टेम्पोतून उतरली, साबणाच्या वड्यांची पिशवी तिनं नाक्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, धुवायला बंदी. मान्य. पर मुकादम म्हनले ते बी खोटं न्हाई. थंडी वाजतीया. पांघरायला बंदी हाय का?"

"नाही."

"आन् पांघरून भिजायला?"

अश्विनीताईनं साबणाची पिशवी टेबलाखाली सरकवली. मग टोपी सारखी करत म्हणाली, "भिजायलाच तर सगळे येतात. कठडा ओलांडायचा नाही, अंगाबाहेर एकही गोधडी दिसता कामा नये, आणि कुणी चोळताना दिसलं तर मी आहे!"

"मुकादम, वाटप करा!" चांगुणानं हुकूम सोडला.

आणि मग त्या पायवाटेनं अशी दिंडीवजा फौज चढली, की तिथल्या गुराख्यांनी गुरं बाजूला घेतली. माणसी दोन गोधड्या. उरलेल्या कुणी घ्यायच्या? ज्याचं नियोजन त्यानं! मुकादमाच्या डोक्यावरून तीन घातल्या, वरून फेट्यानं आवळल्या. अजिनाथ त्याला हाताला धरून बैलासारखा चालवत होता. "दाजी, पायरी. दाजी, शेण. दाजी, आला बरं का!"

धबधबा आला! कठड्यापाशी तुषारांचा पाऊसच होता. सगळी टोळी फेर धरून उभी राहिली आणि तो डोंगरावरून आलेला पाण्याचा लोट वाऱ्यावर फुटून त्यांच्यावर कोसळू लागला. वर्षाची धूळ, कोपीतला धूर, चुलीची राख, सगळं गोधड्यांतून निथळायला लागलं. कुणी चोळत नव्हतं, कुणी आपटत नव्हतं. बाया फक्त जागच्या जागी नाचत होत्या. नाचायला कुठं बंदी होती? रंगुबाईनं फुगडी घातली! बघायला आलेली माणसं धबधब्याकडं पाठ करून यांचेच फोटो काढू लागली. आणि चांगुणा तोंड वर करून, डोळे फाडून, नुसती बघत उभी होती. तोंडातून एकच शब्द, "आगंबाई!"

परतताना, धबधबा वळणाआड गेल्यावर, गोधड्या घडी घालून अंगावरून डोक्यावर घेतल्या, आणि खरी गंमत झाली. भिजलेली गोधडी मेलेल्या म्हशीएवढी जड! शहरातली चार माणसं एक उचलू शकली नसती. पण उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी ही टोळी. घड्या डोक्यावर, हात मोकळे, तासाच्या आत टेम्पो भरला!

"काय गं," मुकादम धापा टाकत म्हणाला, "डोक्यावर घेऊन गाडीत भरायचं न्हाई म्हनली हुतीस ना?"

"ही माझी हाय," चांगुणा म्हणाली. "कारखान्याची न्हाई." आणि मग हळूच, "यंदा येते मी फडात."

पूर्ण कोयता! मुकादमानं मिशीवर हात फिरवला. अश्विनीताईनं नाक्यावर साबण परत दिला आणि पुढच्या वर्षी बोलावलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बांधांवर गोधड्या वाळत होत्या. पारावर माणसं गोळा झाली. मुकादम मधोमध बसला होता, थोडा शिंकत.

"मग मुकादम, कसा हुता धबधबा?"

मुकादमानं मांडी ठोकली, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तीन गोधड्यांच्या आत, डोक्यावरून पायापर्यंत आवळलेला तो, जाताना आणि तिथं उभा असेपर्यंत, दुसरं काही बघू शकला नव्हता.

"लई झाक!" तो शेवटी म्हणाला. "हिरवागार. कडंला लाल काठ. आन् मधी मधी पिवळी ठिगळं!"